पंडित सर आयपीएलला का गेले? : एक निर्णय, आणि त्याचा इतिहास वाचायची पद्धत

यंदा महाशिवरात्रीला मी गावी, प्रतापगडला होतो. गोंदिया जिल्ह्यातलं, अर्जुनी मोरगाव तालुक्यातलं प्रतापगड. साताऱ्याकडचं नव्हे. (हे दर वेळी सांगावं लागतं. परिषदेत गळ्यातल्या ओळखपत्रावर गावाचं नाव दिसलं की चहाच्या रांगेत अफझलखानाचा विषय निघतोच.) यात्रेच्या गर्दीत मला अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवणारे सर भेटले. तालुक्याच्या ठिकाणी शिकवून त्यांनी आमच्या भागातली कितीतरी पोरं इंजिनिअरिंग-मेडिकलला लावली. मग मोठ्या शहरातल्या एका क्लासनं त्यांना तिप्पट पगारावर बोलावलं. सरांनी दोन वर्षं ‘जाऊ की नको’ केलं, गेले, आणि दीड वर्षात परत आले. मी विचारलं, काय झालं सर? म्हणाले, “बापू, तिथली पोरं माझी नव्हती. ती क्लासची होती.”

या वाक्यानं माझ्या डोक्यात बरेच दिवस रेंगाळणारा एक विषय वर आला. तुमच्यापैकी बरेच जण सध्या पीएच.डी.साठी सारांश लिहिताय, विषय शोधताय. ‘अमुक व्यक्तीनं अमुक निर्णय का घेतला’ हा प्रश्न दिसायला सोपा असतो, पण इतिहासाच्या पद्धतीत तो फार फसवा आहे. मी विज्ञानाचा विद्यार्थी, इतिहासाची पदवी माझ्याकडे नाही. तरी एक केस घेऊन बघतो. केस विदर्भाच्या जवळची आहे : चंद्रकांत पंडित.

आधी प्रश्न कुठून येतो ते बघू. एका ठिकाणी, तरुण पोरांना घडवून, जिंकत आलेला प्रशिक्षक. त्याला पैशांच्या आणि मालकांच्या खेळातून बोलावणं येतं. हा प्रश्न दरवर्षी ठरल्यासारखा उभा राहतो तो अमेरिकेत, कॉलेज बास्केटबॉलमध्ये. जून २०२४ मध्ये कनेक्टिकट विद्यापीठाचे डॅन हर्ली सलग दोन विजेतेपदं जिंकून बसले होते. लॉस एंजेलिस लेकर्सनं त्यांना सहा वर्षांसाठी सुमारे सात कोटी डॉलर देऊ केल्याच्या बातम्या आल्या. हर्ली नाही म्हणाले. त्याआधी वीस वर्षं, २००४ मध्ये, याच लेकर्सनं ड्यूक विद्यापीठाच्या माइक शिशेव्स्कींना विचारलं होतं. तेही नाही म्हणाले. बिली डोनोव्हन यांनी २००७ मध्ये ऑर्लँडो मॅजिकला हो म्हटलं आणि काही दिवसांतच शब्द परत घेऊन फ्लोरिडा विद्यापीठात राहिले; शेवटी गेले ते २०१५ मध्ये, ओक्लाहोमा सिटीला. रिक पिटिनो केंटकीला १९९६ मध्ये विजेते करून पुढच्या वर्षी बॉस्टन सेल्टिक्सला गेले आणि २००१ मध्ये १०२ विजय, १४६ पराभव असा हिशेब मागे ठेवून बाहेर पडले. जेरी टार्केनियन तर सॅन अँटोनिओला २० सामनेच टिकले.

याचं कारण बरेच जण ‘स्वभाव’ असं देतात. मला ते पटत नाही. कॉलेजचा प्रशिक्षक पोरं स्वतः निवडतो, ती अठरा ते बावीस वयाची असतात आणि कोणाला खेळवायचं हे त्याच्या हातात असतं. व्यावसायिक संघात हंगाम ८२ सामन्यांचा, आणि मुख्य खेळाडू प्रशिक्षकाच्या कित्येक पट कमावतो. दोघांचं वाजलं की घरी कोण जातं, हे सगळ्यांना आधीच माहीत असतं. सरांच्या भाषेत, पोरं कोणाची?

आता आपल्याकडे. भारतात कॉलेज बास्केटबॉलला तो पैसा नाही, ती गर्दी नाही. पण रणजी करंडक आणि आयपीएल यांच्यातलं नातं बरंच तसं आहे. तुलना ताणायची नाही, रणजीचे खेळाडू हौशी नव्हेत, त्यांना मानधन मिळतं. २०२१ च्या वाढीनंतर सर्वांत कमी अनुभव असलेल्या खेळाडूलाही सामन्याच्या दिवसाला ४० हजार रुपये ठरले. मात्र त्याच आयपीएलमध्ये मिचेल स्टार्कला कोलकात्यानं डिसेंबर २०२३ च्या लिलावात २४.७५ कोटींना घेतलं. रणजीचा प्रशिक्षक राज्यातली पोरं वर्षभर हाताशी धरतो. आयपीएलचा प्रशिक्षक घडलेले खेळाडू दोन महिन्यांसाठी घेतो, तेही मालक, लिलावाचा हिशेब आणि कर्णधार यांच्या सोबतीनं.

चंद्रकांत पंडित यांचा जन्म १९६१ चा, मुंबईचे. यष्टिरक्षक-फलंदाज, ५ कसोटी, ३६ एकदिवसीय सामने, १९८७ च्या विश्वचषकात भारतीय संघात. पुढे ते मध्य प्रदेशाकडून खेळले आणि १९९८-९९ च्या रणजी अंतिम सामन्यात मध्य प्रदेशाचे कर्णधार होते. बंगळूरच्या चिन्नास्वामी मैदानावर कर्नाटकावर पहिल्या डावात ७५ धावांची आघाडी घेऊनही ते ९६ धावांनी हरले. हा सामना लक्षात ठेवा, तो परत येणार आहे.

प्रशिक्षक म्हणून त्यांनी मुंबईला २००२-०३, २००३-०४ आणि मग २०१५-१६ मध्ये रणजी जिंकून दिला. २०१६-१७ मध्ये मुंबई अंतिम सामन्यात गुजरातकडून हरली आणि पंडितांचं मुंबईचं काम गेलं. आदल्या वर्षी विजेते, त्या वर्षी उपविजेते, आणि नोकरी संपली. ‘राज्य संघात प्रशिक्षकाला स्थैर्य असतं’ असं कोणी सांगितलं तर हे वर्ष पुढे करा.

मग ते नागपूरला आले.

विदर्भ १९५७-५८ पासून रणजी खेळतोय. साठ वर्षांत विजेतेपद तर सोडा, अंतिम सामनासुद्धा नाही. आमच्याकडे विदर्भाच्या संघाबद्दल बोलायची एक ठरलेली पद्धत होती, जशी एसटीच्या वेळापत्रकाबद्दल असते : आहे म्हणायचं. डिसेंबर २०१७ मध्ये कोलकात्याला उपांत्य सामन्यात शेवटच्या दिवशी कर्नाटकाला ८७ धावा हव्या होत्या आणि तीन गडी शिल्लक होते. मी तेव्हा बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला. प्रॅक्टिकलला उशीर करून मोबाइलवर स्कोअर बघत होतो. धावा एकेक करून येत होत्या आणि आमचा लॅब असिस्टंट माझ्या खांद्यावरून वाकून बघत होता. विदर्भ पाच धावांनी जिंकला. रजनीश गुरबाणीनं त्या डावात सात बळी घेतले. हा पोरगा इंजिनिअरिंगचा पदवीधर, हे आम्ही विज्ञानवाल्यांनी तेव्हा फार मिरवलं. मग इंदूरला दिल्लीविरुद्ध अंतिम सामना. गुरबाणीची हॅटट्रिक, अक्षय वाडकरच्या १३३ धावा, आणि १ जानेवारी २०१८ ला नऊ गडी राखून विजय. कर्णधार फैज फजल. पुढच्या हंगामात जामठ्याला सौराष्ट्राला ७८ धावांनी हरवून विदर्भानं करंडक राखला. आदित्य सरवटेनं त्या सामन्यात ११ बळी घेतले आणि चेतेश्वर पुजाराला दोन्ही डावांत बाद केलं. दोन्ही वर्षी इराणी करंडकही आला.

वर्तमानपत्रांनी याचं एकच कारण दिलं : पंडित सरांची शिस्त.

इथं थांबा. तुमचा गाइड तुम्हाला इथंच थांबवेल. एक कारण आणि एक परिणाम दिला, बाकीचं सगळं सारखं होतं का? नव्हतं. वसीम जाफर २०१५-१६ पासूनच विदर्भाकडे होता, आणि २०१८-१९ च्या हंगामात त्यानं १०३७ धावा केल्या. फजलनं २०१७-१८ मध्ये ९१२ धावा केल्या होत्या. वायनाडला केरळविरुद्धच्या २०१९ च्या उपांत्य सामन्यात उमेश यादवनं १२ बळी घेतले, तो भारतीय संघातून मोकळा झाला म्हणून. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे २०१७-१८ च्याच हंगामात विदर्भाच्या १९ वर्षांखालच्या पोरांनी कूचबिहार करंडक जिंकला. अंतिम सामन्यात अथर्व तायडेनं मध्य प्रदेशाविरुद्ध ३२० धावा काढल्या. तो संघ पंडितांचा नव्हता. म्हणजे खाली विहिरीला पाणी लागलेलंच होतं. पंडित २०२० मध्ये गेले, त्याआधीच्या हंगामात विदर्भ बाद फेरीतही पोचला नव्हता. आणि मार्च २०२५ मध्ये केरळवर पहिल्या डावातल्या ३७ धावांच्या आघाडीच्या जोरावर विदर्भ तिसऱ्यांदा विजेता झाला, तेव्हा प्रशिक्षक उस्मान गनी होते, नागपूरचेच.

मग पंडितांचं श्रेय नाही का? आहे. पण ते सिद्ध करायला दुसरा पुरावा लागतो. आपण प्रयोगशाळेत काय करतो? तोच प्रयोग दुसऱ्या नमुन्यावर करून बघतो. तो दुसरा नमुना इतिहासानं आपसूक दिला : मध्य प्रदेश.

मार्च २०२० मध्ये पंडित मध्य प्रदेशाचे प्रशिक्षक झाले. जून २०२२ मध्ये चिन्नास्वामीवर, म्हणजे १९९९ च्याच मैदानावर, मध्य प्रदेशानं मुंबईला सहा गडी राखून हरवलं. यश दुबे, शुभम शर्मा, रजत पाटीदार, तिघांची शतकं, पहिल्या डावात ५३६. आवेश खान आणि वेंकटेश अय्यर भारतीय संघाबरोबर असल्यानं त्या सामन्यात नव्हतेच. जाफरसारखा बाहेरून आलेला अनुभवी आधारही नव्हता. मध्य प्रदेशाचं हे पहिलंच रणजी विजेतेपद. पंडित मैदानावर रडले, ते दृश्य तुम्ही पाहिलं असेल. माझ्या मते विदर्भापेक्षा मध्य प्रदेश हा जास्त भक्कम पुरावा आहे. विदर्भात इतके घटक एकत्र आले होते की एकाचं वजन काढणं अवघड. मध्य प्रदेशात ते कमी होते आणि परिणाम तरीही तोच आला.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे. या विजयानंतर पत्रकारांशी बोलताना पंडितांनी एक जुनी गोष्ट सांगितली. २०१२ मध्ये ते शाहरुख खानला, म्हणजे कोलकाता नाइट रायडर्सच्या मालकाला, भेटले होते. पण विदेशी प्रशिक्षकाच्या हाताखाली काम करायला त्यांचं मन तयार झालं नाही. म्हणून आयपीएल नाही, असा त्या बोलण्याचा आशय.

फार सुंदर पुरावा वाटतो ना? निर्णय घेणारा स्वतः कारण सांगतोय. पण एक, हे बोलणं दहा वर्षांनंतरचं आहे. दोन, ते विजयाच्या दिवसांतलं आहे, जेव्हा माणूस आपल्या आयुष्याची रेघ सरळ करून सांगतो. मी खोटं म्हणत नाही, अजिबात नाही. आठवण आणि नोंद या दोन वेगळ्या वस्तू आहेत, एवढंच. तुमच्या प्रबंधात मुलाखती असतील तर प्रत्येक वाक्यापुढे दोन तारखा लिहा : घटना कधीची, सांगितली कधी.

मग आठवणीची पडताळणी करायची कशी? पंडितांच्या मनात शिरता येत नाही, पण त्या काळची परिस्थिती तपासता येते. मी एक साधी यादी केली, तुम्हीही करू शकता, अर्ध्या तासाचं काम आहे. २००८ ते २०२१ या चौदा हंगामांत आयपीएल जिंकलेल्या संघांचे मुख्य प्रशिक्षक कोण? राजस्थानचा शेन वॉर्न (कर्णधार आणि प्रशिक्षक दोन्ही), डेक्कनचा डॅरेन लीमन, चेन्नईचा स्टीफन फ्लेमिंग, कोलकात्याचा ट्रेव्हर बेलिस, मुंबईचे जॉन राइट, रिकी पाँटिंग, महेला जयवर्धने, हैदराबादचा टॉम मूडी. चौदाच्या चौदा वेळा विदेशी. भारतीय मुख्य प्रशिक्षक या काळात नव्हतेच असं नाही. लालचंद राजपूत, वेंकटेश प्रसाद पहिल्याच हंगामात होते, पुढे संजय बांगर, अनिल कुंबळे झाले. पण करंडक कोणालाच नाही. म्हणजे २०१२ मध्ये देशी प्रशिक्षकाला वरची खुर्ची मिळायची शक्यता खरोखरच कमी होती. पंडितांच्या ‘नको’मध्ये मानीपणा असेलही, पण बाजाराचं वाचनही होतं.

आणि ही यादी तुटते कधी? २९ मे २०२२ ला. आशिष नेहरा मुख्य प्रशिक्षक असलेला गुजरात टायटन्स जिंकतो. २६ जूनला मध्य प्रदेश रणजी जिंकतो. त्याच सुमारास कोलकात्याचे ब्रेंडन मॅकलम इंग्लंडच्या कसोटी संघाकडे गेलेले असतात. १७ ऑगस्ट २०२२ ला कोलकाता पंडितांची मुख्य प्रशिक्षक म्हणून घोषणा करतं. तीन महिन्यांत हे सगळं. २०१२ चा ‘नको’ आणि २०२२ चा ‘हो’ यांत माणूस बदलला असं मानायची गरजच पडत नाही, कारण समोरची खुर्ची बदलली होती. मुद्दा ‘हाताखाली’ हाच असेल, तर २०२२ मध्ये तो उरला नव्हता.

आमच्या झाडीपट्टीत नाटकाचं असंच असतं. गावच्या मंडळात पन्नास नाटकं बसवलेला दिग्दर्शक वडशाच्या कंपनीत सहजासहजी जात नाही. तिथं प्रॉम्प्टर व्हायचं असेल तर नाहीच नाही. पण कंपनीनं ‘नाटक तुम्हीच बसवा’ म्हटलं, की मंडईचा हंगाम तो गावात काढत नाही.

पुढचं तुम्हाला माहीत आहे, भरभर सांगतो. २०२३ मध्ये श्रेयस अय्यर पाठदुखीनं बाहेर, नितीश राणा कर्णधार, कोलकाता सातवं. २०२४ मध्ये गौतम गंभीर मार्गदर्शक म्हणून आला, श्रेयस परतला, आणि २६ मे ला चेन्नईत हैदराबादला ११३ वर गुंडाळून कोलकाता आठ गडी राखून विजेता झालं. २०२५ मध्ये गंभीर भारतीय संघाकडे, श्रेयस पंजाबकडे, कोलकाता आठवं. त्यातच पंजाबला १११ वर बाद करून स्वतः ९५ वर बाद व्हायचा तो पराक्रम. २९ जुलै २०२५ ला कोलकाता आणि पंडित वेगळे झाले.

सातवं, पहिलं, आठवं. यातला २०२४ घेतला तर ‘जायचा निर्णय बरोबर होता’ असा लेख होतो. २०२३ आणि २०२५ घेतले तर ‘देशी शिस्त आयपीएलमध्ये चालत नाही’ असा लेख होतो, आणि तो बऱ्याच जणांनी लिहिलाही. त्याला हाताशी साक्षीदारही होता. कोलकात्याकडून खेळलेला डेव्हिड वीजे २०२४ च्या हंगामाच्या तोंडावर एका पॉडकास्टवर बोलला : भारतात हे प्रशिक्षक फार कडक म्हणून ओळखले जातात, आणि जगभर खेळून आलेल्या खेळाडूंना कसं वागायचं, काय घालायचं हे कोणी सांगितलेलं रुचत नाही, अशा अर्थाचं. आंद्रे रसेलनं मात्र पंडितांची बाजू घेतली. दोन साक्षी, दोन दिशांना. २०२४ च्या यशाचं श्रेय तर प्रसारमाध्यमांनी जवळजवळ पूर्ण गंभीरला देऊन टाकलं. विदर्भाच्या वेळी जाफर, फजल, उमेश असूनही सगळं श्रेय प्रशिक्षकाला, आणि इथं प्रशिक्षक असूनही सगळं मार्गदर्शकाला. श्रेय देण्याची ही पद्धत दोन्ही वेळा चुकीची आहे असं मला वाटतं. एक नाव हातात घ्यायचं आणि बाकीचे पुसायचे.

वीजेचं म्हणणं मात्र मी फेकून देणार नाही. त्यात पंडितांच्या स्वभावापेक्षा कामाच्या अटींबद्दल जास्त माहिती आहे. विदर्भ किंवा मध्य प्रदेशाच्या पोराला रणजी संघातून बाहेर पडणं म्हणजे जवळजवळ खेळच थांबणं. सर कितीही कडक असले तरी तो टिकतो, आणि टिकला म्हणून पद्धत यशस्वी दिसते. वीजेसारख्या खेळाडूला पुढच्या महिन्यात दुसऱ्या देशात दुसरी लीग असते. एकच शिस्त, एका ठिकाणी तिला पर्याय नाही, दुसऱ्या ठिकाणी आहे. पण हेही पूर्ण सत्य धरू नका. शिशेव्स्कींनी लेकर्सना नाही म्हटलं, आणि तरी त्याच लेकर्सच्या कोबी ब्रायंटसह व्यावसायिक ताऱ्यांचा अमेरिकी संघ घेऊन २००८ आणि २०१२ ची ऑलिंपिक सुवर्णं जिंकली, २०१६ ला तिसरं. तिथंही करार नव्हता, पर्याय नव्हता, देशाचा बनियन होता.

ही सगळी माहिती २०२२ च्या ऑगस्टमध्ये पंडितांकडे नव्हती. त्यांच्यापुढे होतं ते एवढं : साठी उलटलेलं वय, सहा रणजी विजेतेपदं, नुकतंच फिटलेलं १९९९ चं देणं, आणि पहिल्यांदाच मिळणारी वरची खुर्ची. त्यांचा निर्णय मोजायचा तर या चार गोष्टींवर मोजायचा. २०२५ चं गुणतक्त्यातलं आठवं स्थान त्यात आणायचं नाही. मला विचाराल तर मी गेलो असतो. आमच्या सरांना मी हेच सांगितलं, की तुम्ही गेलात ते चुकलं नाही. ते हसले आणि म्हणाले, “परत आलो ते तरी बरोबर होतं का, ते शोध.” तेवढ्यात नारळाच्या दुकानापाशी गर्दीचा लोट आला आणि आम्ही दोन दिशांना गेलो.

तुमच्यापैकी कोणाला या विषयावर छोटा शोधनिबंध करायचा असेल तर एक काम शिल्लक आहे. २०१२ च्या त्या भेटीची त्याच वर्षीची छापील नोंद शोधायची. नागपूर, मुंबई आणि कोलकात्याच्या वर्तमानपत्रांच्या त्या वर्षीच्या फाइली, क्रीडा पान, आयपीएलच्या आधीचे आणि नंतरचे दोन-दोन महिने. सापडली तर मला कळवा, या लेखातले चार परिच्छेद मला बदलावे लागतील.